जानेवारीत न्यू जर्सीहून डॅलसला कोरल (जिवंत प्रवाळ) पाठवायचेत, पॅकिंग कसं करू?

खाडीकाठची (एडिसन, न्यू जर्सी)
शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितेय, आतापर्यंत नुसती वाचत होते.

ह्यांची बदली सिॲटलला झालीय. १ फेब्रुवारीला घर रिकामं करून द्यायचंय, म्हणजे हातात चार आठवडे आहेत. माझी ४० गॅलनची खाऱ्या पाण्याची टाकी चार वर्षांची आहे, ती एवढ्या लांब नेणं काही जमणार नाही. मासे इथल्या एका दुकानदाराने घेतले. कोरल मात्र अनोळखी माणसाच्या हातात द्यायला मन धजत नाही. माझा मावसभाऊ डॅलसजवळ प्लेनोला असतो. त्याची ७५ गॅलनची टाकी जुनी, मुरलेली आहे आणि सगळे कोरल सांभाळायला तो आनंदाने तयार आहे.

पाठवायचंय ते असं: सोनेरी टोकांचा चार तोंडांचा टॉर्च कोरल, झोआंथिडचे दोन पुंजके, ग्रीन स्टार पॉलिप चढलेला एक दगड, माँटिपोराची पानासारखी वाटी, ॲक्रोपोराच्या बोटाएवढ्या दोन काड्या आणि तळहाताएवढा टोडस्टूल लेदर (अळंबीसारखा मऊ कोरल). टॉर्च आणला तेव्हा एकच तोंड होतं. माझ्या डोळ्यांदेखत एकाची चार झाली, त्यामुळे त्याच्यात जीव जास्त अडकलाय.

माझा बेत सांगते, चुकत असेल तर स्पष्ट बोला. शुक्रवारी दुपारी पाठवायचं, म्हणजे शनिवारी भाऊ घरी असेल. मोठ्या झिपलॉक पिशव्या घेतल्यात, एकात दोन-दोन कोरल मावतील. थंडी आहे म्हणून प्रत्येक पिशवीला एक हीट पॅक चिकटवून वर थर्मोकोलचं खोकं. आणि प्रवासात उपाशी राहू नयेत म्हणून आदल्या रात्री पोटभर खायला घालायचं. पाणी पिशवीत काठोकाठ भरायचं का, तेही सांगा.

---

वेंगुर्लेकर_ओहायो (कोलंबस)
शनिवार, रात्री ११.५५

ताई, चार आठवडे आहेत हे फार चांगलं झालं. तुमच्या बेतातलं थर्मोकोलचं खोकं तेवढं ठेवू, बाकी सगळं बदलू. रागावू नका, मीही हेच सगळं करून बसलोय, त्यातलं एक आधी सांगतो.

२०१५ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मित्राला टॉर्चची दोन तोंडं आणि माँटिपोराचा एक तुकडा पाठवला. थंडी कडाक्याची. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून मी खोक्याला चहूबाजूंनी रुंद चिकटपट्टी मारली आणि हीट पॅक आतल्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकून तिचं तोंड घट्ट बांधलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मित्राचा फोन आला. पाणी ५६ डिग्री फॅरेनहाइट. टॉर्चचे हात, म्हणजे त्याच्या मऊ सोंडा, गळून पाण्यात तरंगत होते, पाणी दुधाळ झालं होतं, पिशवी उघडताच घाण वास सुटला. बोलता बोलता तो हीट पॅक कचऱ्यात टाकायला गेला आणि म्हणाला, "अरे, हा तर अजून भुसभुशीत आहे." मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "आणि हातात धरल्यावर आता गरम व्हायला लागलाय."

हीट पॅकमध्ये लोखंडाची पूड असते. ती हवेतल्या प्राणवायूने गंजते आणि त्या गंजण्यातून ऊब येते. पूर्ण वापरलेला पॅक दगडासारखा कडक होतो. माझा मऊ होता, कारण मी त्याची हवाच तोडली होती. पॅक बरोबर पाठवला, पण पेटूच दिला नाही. तेव्हापासून पार्सल मिळालेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारतो तो पॅक कडक आहे का मऊ.

म्हणून पाठवायच्या तासभर आधी पॅकचं वेष्टण फोडून तो बाहेर ठेवा, हलवा, चांगला गरम झाला की मगच आत. खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवा, चिकटपट्टी फक्त कडांना, छिद्रांची बाजू उघडी राहू द्या. त्याच्या आणि पिशव्यांच्या मध्ये वर्तमानपत्राचे चार-पाच थर. पिशवीला थेट चिकटवायचा नाही म्हणजे नाही. पॅकचा स्पर्श होतो तिथलं पाणी ९५-१०० डिग्रीवर जातं आणि त्या बाजूचा कोरल शिजतो, तर खोक्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात थंडीच असते. खोकं फूटभर चौरस असेल तर ४० तासांचा एक पॅक पुरतो. ७२ तासांचा माझ्या अनुभवात सुरुवातीला फार हळू तापतो, एका रात्रीच्या प्रवासाला मी तो घेत नाही.

आता रंगीत तालीम. ही पायरी लोक गाळतात, तुम्ही गाळू नका. खोकं, पॅक, कागद, सगळं खऱ्यासारखं बांधा, पण पिशव्यांत कोरलऐवजी ७८ डिग्रीचं नुसतं मिठाचं पाणी. सोबत किमान-कमाल तापमान लक्षात ठेवणारा साधा थर्मामीटर टाका आणि रात्रभर गॅरेजमध्ये नाहीतर बाल्कनीत ठेवा. सकाळी आकडा बघा. ७२ ते ८० च्या मध्ये राहिलं तर खोकं पास. ७० च्या खाली गेलं तर भिंत पातळ आहे, दीड इंच जाडीचं खोकं शोधा. ज्या दुकानात मासे दिलेत तिथेच विचारा. त्यांच्याकडे दर आठवड्याला माल अशाच खोक्यांतून येतो, मागितलं तर बहुतेक जण फुकट देतात.

वार. शुक्रवार अजिबात नको. एक दिवस उशीर झाला की पार्सल शनिवार-रविवार गोदामात पडून राहतं. सोमवार ते बुधवार पाठवायचं, आणि तिसऱ्या सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी आहे, तो आठवडा टाळलेला बरा. हवामान दोन गावांचं बघून भागत नाही, तीन गावांचं बघायचं. पार्सल रात्री मोठ्या केंद्रात उतरतं आणि दुसऱ्या विमानात चढतं. फेडेक्सचं मेम्फिसला, यूपीएसचं लुईव्हिलला. एडिसनला ऊन आणि प्लेनोला ऊन असलं तरी मेम्फिसला बर्फगारा पडत असेल तर बेत पुढे ढकला. जिवंत जलचर कोणत्या अटींवर घेतात ते कुरियरला आधी विचारून घ्या, प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत. आणि भावाला घरी वाट बघत बसवू नका. डिलिव्हरीच्या गाडीत खोकं दुपारपर्यंत गारठतं. पार्सल कुरियरच्या केंद्रावरच ठेवायला सांगा, सकाळी दार उघडताच त्याने जाऊन उचलावं.

खाणं. तुमची माया कळते, पण दोन दिवस आधीपासून काही घालू नका. कोरलच्या एकेका जीवाला तोंड एकच. खातो तिथूनच बाहेर टाकतो. ताण आला की पोटातलं अर्धंकच्चं सगळं पिशवीत ओकतो आणि चोवीस तास त्याच पाण्यात बसतो. एरवी त्याच्या अंगातली शैवालं त्याला पोसतात, एक दिवसाच्या अंधाराने आणि उपासाने त्याचं काही बिघडत नाही.

प्रत्येकाची पिशवी वेगळी. झिपलॉकचे कोपरे गळतात आणि दाबाने तोंड उघडतं. शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतात तशा जाड, ४ मिलच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पिशव्या घ्या. पहिली पिशवी रबरबँडने बांधली की ती दुसरीत उलटी घाला, म्हणजे आतल्या पिशवीचे टोकदार कोपरे गाठीच्या बाजूला जातात. कोरल पूर्ण बुडून वर दोन-तीन बोटं पाणी राहील एवढं घ्या, बाकी हवा. काठोकाठ भरू नका. काड्यांसाठी सूप घालून देतात तसले झाकणाचे प्लास्टिकचे कपही उत्तम. सगळ्याच्या खाली एक मोठी जाड पिशवी अस्तरासारखी, म्हणजे गळती झाली तर पुठ्ठा भिजून खोकं फाटणार नाही. ही अस्तराची पिशवी वरून बांधू नका, हवा खेळू द्या. माझी चूक तीच होती. मोकळ्या जागा वर्तमानपत्राचे बोळे कोंबून भरा, खोकं हलवलं तर आत काही हललेलं कळता कामा नये.

आता एकेकाचं बोलू. ग्रीन स्टार पॉलिपची काळजी सोडा, तो कुठेही जगेल. माँटिपोराची वाटी पाण्याने मरत नाही, मोडते. ती सपाट डब्यात ठेवून दोन्ही बाजूंना ओल्या मऊ प्लास्टिकच्या पट्ट्या द्या. ॲक्रोपोराच्या काड्या प्लगवर (कोरल चिकटवायच्या छोट्या बैठकीवर) असतील तर प्लग थर्मोकोलच्या चकतीच्या भोकात बसवा आणि चकती पाण्यावर उलटी तरंगू द्या. काडी खाली लोंबकळत राहते, पिशवीला कुठेच घासत नाही. ॲक्रोपोराची कातडी इतकी पातळ असते की एका रात्रीच्या घासण्याने पांढरा सांगाडा उघडा पडतो.

टोडस्टूलला सगळ्यात मोठी पिशवी आणि सगळ्यात जास्त पाणी. तो चिकट स्राव सोडतो, थोड्या पाण्यात स्वतःच घुसमटतो.

झोआंथिडचं ऐका, हे कोरलच्या नाही, तुमच्या जिवाचं आहे. काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. दगडावरून खरवडताना, कापताना हातमोजे आणि चश्मा घातल्याशिवाय हात लावू नका. पिचकारी डोळ्यात उडते. त्या दगडावर कधीही गरम पाणी ओतू नका, उकळू नका, वाफेतूनही विषबाधा होते. मुलं, कुत्रा, मांजर त्या खोलीत नको.

टॉर्च राहिला, तो मुद्दाम शेवटी ठेवला. चार तोंडं एकत्र पाठवू नका. वाटेत एक सडलं तर त्याच पिशवीत उरलेली तिन्ही जातात. आजच वेगळी करा, म्हणजे जखमा भरायला तीन आठवडे मिळतील. दिवे बंद करून तासभर थांबा, त्याचे हात आत गेले की बघा मांस कुठे संपतंय. त्याच्या निदान बोटभर खाली, नुसत्या सांगाड्यावर डायमंड पात्याच्या छोट्या करवतीने कापायचं. पात्यावर टाकीतलंच पाणी सोडत राहा. मग आयोडीनच्या द्रावणात दहा मिनिटं, आणि सुपर ग्लूच्या जेलने प्लगवर. पॅक करताना टॉर्चसुद्धा चकतीला उलटा टांगा. सरळ ठेवला तर खोकं आपटेल तसं त्याचं मऊ मांस त्याच्याच सांगाड्याच्या धारेवर कापलं जातं. टॉर्च बहुतेक वेळा थंडीआधी या धारेनेच जातो. पाठवायच्या दिवशी दुपारी बारालाच दिवे घालवा, म्हणजे चार वाजता हात लावाल तेव्हा तो मिटलेला असेल. फुललेला टॉर्च पिशवीत कोंबू नका.

काही अडलं तर विचारा, कापतानाचे फोटो टाका.

---

ठाण्याचा_केमिस्ट
रविवार, सकाळी ११.०५

वेंगुर्लेकरांनी पाठवणाऱ्याचं सगळं सांगितलं, मी घेणाऱ्याचं सांगतो. मी रसायनशास्त्राचा माणूस, नऊ वर्षं घरी टाकी आहे.

बंद पिशवीत कोरल श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच उतरतो. त्याच वेळी त्याच्या मळातून अमोनिया येतो. पण पीएच कमी असल्यामुळे तो बहुतेक सगळा अमोनियमच्या रूपात असतो, त्याचा त्रास फार कमी. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनियम विषारी अमोनिया होतो. म्हणून पिशवी उघडून तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसायची पद्धत लांबून आलेल्या पार्सलला घातक आहे. ज्याला आपण हळुवारपणा समजतो त्यात कोरल विषात बसलेला असतो.

तुमच्या भावाने बंद पिशव्या टाकीत वीस मिनिटं तरंगत ठेवाव्यात, दिवे मंद. मग उघडून कोरल लगेच बाहेर. पिशवीतलं पाणी टाकीत एक थेंबही नको. कोरलच्या औषधी द्रावणात दहा मिनिटं, ताज्या मिठाच्या पाण्यात एक बुचकळी, आणि खाली वाळूजवळ कमी उजेडात. टॉर्च औषधातून काढताना मांसाला धरू नये, प्लगला धरावं. द्रावणाने चपटे कृमी मरतात, त्यांची अंडी मरत नाहीत, त्यामुळे भावाकडे वेगळी छोटी टाकी असेल तर ॲक्रोपोरा आणि माँटिपोरा आधी तिथेच ठेवलेले बरे.

हे सगळं जमतं ते दोन्हीकडची क्षारता, म्हणजे पाण्यातलं मिठाचं प्रमाण, सारखी असेल तरच. दोघांनी आपापला रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं यंत्र) ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) प्रमाणित द्रावणाने तपासा, नळाच्या पाण्याने नाही. मग तीन आठवड्यांत तुमची टाकी हळूहळू भावाच्या आकड्यावर आणा. आधीच केलेलं हे काम पोचल्यावरच्या सगळ्या खटाटोपापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

एका गोष्टीत माझं मत वेगळं. पिशवीत भरायला टाकीतलं पाणी घेऊ नका, आदल्या दिवशी ताजं मिसळून रात्रभर हलतं ठेवलेलं घ्या. त्यात आधीपासून सडणारं काही नसतं.

---

वेंगुर्लेकर_ओहायो
रविवार, दुपारी १.२०

मी टाकीतलंच वापरतो, पण पाणी बदलल्याच्या दुसऱ्या दिवशीचं, आणि बारीक गाळणीतून गाळून. टोडस्टूलला मात्र तुम्ही म्हणता तसं ताजं पाणी देतो. क्षारतेचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, बरं झालं सांगितलंत.

---

पुणे_रीफ
रविवार, रात्री ८.१५

खूप शिकायला मिळालं. एक विचारू का? कोथरूडला माझी टाकी आहे. अमेरिकेतून येणारा कुणी नातेवाईक अशाच पद्धतीने पॅक करून दोन-तीन फ्रॅग (कोरलचे छोटे तुकडे) सामानातून आणू शकेल का? प्रवास साधारण चोवीस तासांचाच होतो.

---

दोनापावला
सोमवार, सकाळी ९.५०

पुणेकर, पॅकिंग जमलं तरी हे करू नका. मी गोव्यात सागरी जीवशास्त्र शिकलेय, त्यामुळे कळकळीने सांगते.

दगडी प्रवाळ कुठल्याही देशातून बाहेर न्यायचे तर साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ प्रमाणे परवाना लागतो, मग तो टाकीत वाढवलेला बोटभर तुकडा का असेना. आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच ही. बाजारात कुणी "हे बाहेरचे आहेत" म्हणून विकत असेल तरी त्याच्या भरवशावर राहू नका.

आपल्याकडे प्रवाळ हलवले गेलेत, पण ते परवानगी घेऊन आणि समुद्रातून समुद्रात. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचे प्रवाळ २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली दुसरीकडे नेऊन बसवले. त्याआधी गुजरातमध्ये मिठापूरला लक्षद्वीपहून ॲक्रोपोराचे तुकडे आणून लावले होते, कारण कच्छच्या आखातातून ॲक्रोपोरा नाहीसा झाला होता. तिथेही हाच प्रश्न असणार, वाटेत ऊन लागू द्यायचं नाही, घासू द्यायचं नाही.

पुण्याहून मालवण एका रात्रीच्या प्रवासावर आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली तोंड घालून जिवंत प्रवाळ बघता येतात. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. फक्त पाय टेकवू नका. पर्यटक उभे राहून दमतात ते प्रवाळावरच.

---

वेंगुर्लेकर_ओहायो
सोमवार, संध्याकाळी ७.३०

दोनापावला, मालवणचं नाव काढलंत आणि बरं वाटलं. लहानपणी काकांच्या होडीतून किल्ल्याच्या मागे गेलो होतो. ओहोटी होती, पाणी काचेसारखं. खाली तपकिरी, हिरवट गोळे दिसत होते, मी दगड समजलो. काका म्हणाले, "दगड न्हय रे, जितो आसा तो." मी ते तेव्हा खरं मानलं नव्हतं.

---

खाडीकाठची
तीन आठवड्यांनी, बुधवार, रात्री १०.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज पार्सल पोचलं, सगळं सविस्तर लिहिते.

टॉर्च दुसऱ्याच दिवशी कापला. पहिला काप मारताना हात थरथरत होता. पांढरी पूड पाण्यात उडाली तेव्हा वाटलं, आपण मारलाच याला. चार दिवस एक तोंड मिटूनच होतं. पाचव्या दिवशी संध्याकाळी चारही फुलले.

रंगीत तालीम दोनदा झाली. पहिल्या खोक्यात सकाळी किमान ६६ निघालं. बाहेर तेव्हा २१ होतं. मग दुकानातून जाड भिंतीचं खोकं आणलं, त्यात ७३ च्या खाली गेलं नाही. ही तालीम केली नसती तर मी पहिल्याच खोक्यातून पाठवलं असतं, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

सोमवारी पाठवायचं ठरलं होतं, पण मेम्फिसला गोठणाऱ्या पावसाचा इशारा होता, म्हणून एक दिवस थांबले. घरात निम्मं सामान बांधलेलं, ह्यांची घाई, तरी थांबले. मंगळवारी बारा वाजता दिवे घालवले, चारला पॅक करायला घेतलं, साडेपाचला कुरियरच्या काउंटरवर. आज सकाळी ९.२० ला भावाने उचललं. खोकं उघडून त्याने आधी हीट पॅक दाबून बघितला. दगड! पाणी ७४. ॲक्रोपोराच्या काड्या जशाच्या तशा. माँटिपोराच्या कडेचा नखाएवढा तुकडा मोडलाय, तो त्याने तिथेच वेगळा चिकटवला. झोआंथिड दुपारपर्यंत अर्धे उघडले. टॉर्चच्या तीन तोंडांनी संध्याकाळी हात बाहेर काढले, चौथं अर्धं मिटलेलं आहे, पण मांस फाटलेलं कुठे नाही.

टोडस्टूलची मात्र काळजी वाटतेय. पिशवीतलं पाणी थोडं गढूळ झालं होतं. आकसून सुपारीसारखा झालाय, वरून मेणचट चकाकी आलीय, एकही पॉलिप (त्याच्या अंगावरचे बारीक फुलासारखे जीव) बाहेर नाही. भाऊ विचारतोय ब्रशने साफ करू का?

---

वेंगुर्लेकर_ओहायो
बुधवार, रात्री १०.४५

ब्रश लावू देऊ नका! ती चकाकी म्हणजे तो जुनी साल टाकायच्या तयारीत आहे. लेदर ताण आला की असंच करतो, आठवडा, कधी दोन आठवडे मिटून बसतो. त्याला पाण्याचा जोर थोडा वाढवून द्या, म्हणजे साल आपोआप सुटून वाहून जाईल. टाकीच्या गाळणीत पाणी शुद्ध करणारा कार्बन (कोळसा) असेल तर बदला. हाताने दाबून बघा, घट्ट असेल तर जिवंत आहे. लिबलिबीत लागला किंवा वास आला तरच मला लगेच कळवा.

टॉर्चच्या चौथ्या तोंडावर रोज सकाळी नजर ठेवायला सांगा. तपकिरी, कफासारखं काही दिसलं तर वाट न बघता ते तोंड बाहेर काढून वेगळ्या भांड्यात ठेवायचं.

---

खाडीकाठची
अकरा दिवसांनी, रविवार, सकाळी ८.३०

सिॲटलहून लिहितेय. चौथं तोंड परवाच पूर्ण उघडलं, सोनेरी टोकांसकट.

टोडस्टूल नऊ दिवस तसाच बसून होता. काल रात्री भावाने व्हिडिओ पाठवला. कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा एका कडेने सुटलाय, पाण्याच्या जोराने फडफडतोय, आणि सुटलेल्या कडेखाली बारीक पांढरे पॉलिप बाहेर आलेत. मी मोजायचा प्रयत्न केला, तीसच्या पुढे घोटाळा झाला.